फ्लॅश गेलं, मग ॲनिमेशनचं घड्याळ आता कोणाच्या हातात?

प्रश्न थोडक्यात असा: "मी ॲनिमेशन शिकतोय. जुने लोक फ्लॅशचं नाव काढलं की हळहळतात. नवे लोक लॉटी, सीएसएस, कॅनव्हास, राइव्ह अशी भराभर नावं घेतात. वेबसाठीची ही सॉफ्टवेअरं एकातून एक कशी आली, फ्लॅश एवढं चांगलं होतं तर गेलं का, आणि आज सुरुवात कशापासून करू?"

आधी नावं बाजूला ठेवू. ती दर पाच वर्षांनी बदलतात आणि पाठ करणाऱ्याची दमछाक होते. मी या कामात आलो तेव्हा वेबसाठी ॲनिमेशन करायच्या फ्लॅश या सॉफ्टवेअरची चौथी आवृत्ती चालू होती, आज लॉटीच्या फाइली तपासतो. मधल्या काळात कोणतंही नवं हत्यार समोर आलं की मी एकच गोष्ट आधी बघत आलोय: पुढची फ्रेम कधी दाखवायची, हे कोण ठरवतंय? फाइल, प्लगइन (ब्राउझरला वेगळा जोडायचा प्रोग्राम), ब्राउझर, की बघणारा माणूस? घड्याळ कोणाच्या हातात आहे ते कळलं की त्या सॉफ्टवेअरची ताकद कळते, आणि ते कुठे दगा देणार हेही कळतं.

जिफमध्ये घड्याळ फाइलीच्या पोटात असतं. कॉम्प्युसर्व्हने १९८७ मध्ये हा फॉरमॅट काढला तो चित्रांसाठी. १९८९च्या सुधारित आवृत्तीत प्रत्येक चित्रामागे "एवढा वेळ थांब" अशी नोंद करायची सोय झाली, तीही सेकंदाच्या शंभराव्या भागात. ॲनिमेशन पुन्हा पुन्हा फिरवायची सोय मूळ फॉरमॅटमध्ये नव्हतीच, ती नेटस्केप २ ने स्वतःचा एक ब्लॉक घुसवून आणली आणि सगळ्यांनी ती उचलली. यातली एक गंमत आजही लोकांना छळते. थांबायचा वेळ शून्य किंवा एक शतांश ठेवला तर ब्राउझर तो मानत नाहीत, सरळ दहा शतांश धरतात. म्हणजे सगळ्यात वेगवान ठेवायला गेलेली जिफ सगळ्यात मंद चालते. किमान दोन शतांश ठेवा.

जिफची खरी अडचण वजनाची. २८.८ केबीपीएसचा मोडेम सेकंदाला जेमतेम साडेतीन केबी आणायचा, म्हणजे १०० केबीच्या जिफला जवळपास अर्धा मिनिट. त्यातून २५६ रंगांची मर्यादा. तरी हातचलाखी होतीच: सपाट रंग आडव्या ओळीत जितका लांब पसरेल तितकं कॉम्प्रेशन चांगलं व्हायचं, म्हणून आम्ही ठिपक्याठिपक्यांच्या छटा टाळायचो आणि प्रत्येक फ्रेममध्ये बदललेला तेवढाच चौकोन साठवायचो.

त्याच सुमाराला सीडी-रॉमच्या दुनियेत डायरेक्टर नावाचं सॉफ्टवेअर राज्य करत होतं. १९८५ साली व्हिडिओवर्क्स म्हणून जन्मलेलं हे सॉफ्टवेअर पुढे मॅक्रोमीडियाचं झालं. त्याची सगळी भाषा नाटकाची: स्टेज, कास्ट, स्कोअर. स्कोअरमध्ये आडवी वेळ आणि उभ्या पात्रांच्या ओळी. आज कोणत्याही टाइमलाइनकडे बघा, हीच मांडणी दिसेल. सोबत लिंगो नावाची स्क्रिप्ट होती. १९९५ मध्ये शॉकवेव्ह प्लगइनने डायरेक्टर वेबवर आलं खरं, पण त्याचा जीव बिटमॅप, म्हणजे ठिपक्याठिपक्यांनी साठवलेल्या जड चित्रांत होता. सीडीवर जे ऐटीत चालायचं ते मोडेमवर धापा टाकायचं.

आता फ्लॅश. त्याचा उगम बघितल्याशिवाय त्याचे गुण आणि खोडी दोन्ही समजत नाहीत. जोनाथन गे आणि त्याच्या फ्यूचरवेव्ह कंपनीने आधी स्मार्टस्केच नावाचं चित्र काढायचं सॉफ्टवेअर केलं होतं, पेनने चालणाऱ्या कॉम्प्युटरसाठी. ते कॉम्प्युटरच बाजारात चालले नाहीत. मग याच चित्रकलेला हालचाल जोडून १९९६ मध्ये फ्यूचरस्प्लॅश ॲनिमेटर आलं. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये मॅक्रोमीडियाने कंपनी विकत घेतली आणि नाव झालं फ्लॅश. पेनचा तो वारसा शेवटपर्यंत राहिला. फ्लॅशमध्ये एका लेयरवर दोन आकार एकमेकांवर आले की ते कापले जायचे, मिसळायचे, कागदावरच्या शाईसारखे. नव्या माणसाला ते वेडगळ वाटायचं. हात बसला की मात्र दुसरीकडे चित्र काढावंसंच वाटायचं नाही.

फाइलही तितकीच हुशारीने बांधलेली. टप्पे खाणारा एक चेंडू घ्या, ४८ फ्रेमचा. जिफमध्ये ती ४८ चित्रं. फ्लॅशच्या एसडब्ल्यूएफ फाइलमध्ये चेंडूचा आकार एकदाच, तोही मोजक्या वक्ररेषांनी लिहिलेला. पुढच्या प्रत्येक फ्रेममध्ये फक्त "अमुक नंबरची वस्तू, इथे हलव, एवढी दाब" एवढी सूचना. आकडेसुद्धा लागतील तेवढ्याच बिट्समध्ये कोंबलेले. अंतर पिक्सेलच्या विसाव्या भागात मोजायचं, त्या एककाला ट्विप म्हणतात, म्हणून हळू सरकणारी वस्तू धक्के खात नसे. शिवाय प्रत्येक रेषेला डावीकडे कोणता रंग आणि उजवीकडे कोणता, अशा दोन नोंदी. शेजारच्या दोन आकारांची सामाईक कड एकदाच साठवली जायची आणि मध्ये फट पडत नसे. आणि फाइल पूर्ण उतरायच्या आधीच चालू व्हायची. पहिल्या २० फ्रेमचा माल आला की पहिल्या २० फ्रेम सुरू. लोडिंगचा पट्टा दाखवणं ही त्यामुळे एक स्वतंत्र कलाच झाली होती. काहींचा तो पट्टाच मूळ ॲनिमेशनपेक्षा जड असायचा, ते सोडा.

मग स्क्रिप्ट आली. फ्लॅश ४ मध्ये व्हेरिएबल होते, पण ओळी यादीतून निवडून रचायच्या. २००० साली फ्लॅश ५ ने ॲक्शनस्क्रिप्ट या नावाने खरी भाषा दिली. २००२ च्या फ्लॅश एमएक्स आवृत्तीत व्हिडिओ आला. २००५ मध्ये यूट्यूब सुरू झालं ते फ्लॅशच्याच व्हिडिओ प्लेअरवर. त्याच वर्षाच्या अखेरीस ॲडोबीने मॅक्रोमीडिया घेतली. २००६ च्या फ्लॅश प्लेअर ९ (फ्लॅश चालवणारं प्लगइन) सोबत ॲक्शनस्क्रिप्ट ३ आलं, खूप वेगवान आणि शिस्तीचं. माझं मत विचाराल तर फ्लॅशमधली गंमत तिथेच कमी व्हायला लागली. तोवर चित्रकार स्वतःच फ्रेमवर "स्टॉप" लिहायचा, बटणावर चार ओळी टाकायचा आणि त्याचा खेळ उभा राहायचा. तिसऱ्या आवृत्तीनंतर बटणावर स्क्रिप्ट टाकता येईना, आणि चित्रकार व प्रोग्रामर अशी फारकत पक्की झाली. प्रोग्रामर खूश होते, ते मान्य.

फ्लॅशचं घड्याळ प्लगइनच्या हातात, आणि ते रबरी. फ्रेमरेट १२ ठेवला म्हणजे सेकंदाला १२ फ्रेम मिळतीलच असं नाही. प्रत्येक फ्रेमला आधी स्क्रिप्ट चालायची, मग चित्र रंगवलं जायचं. दोन्हींतलं एक लांबलं की फ्रेम ताणली जायची आणि सगळं जगच सावकाश चालायचं.

हे मी ठेच खाऊन शिकलो. मुलांसाठी शरीरातल्या रक्ताभिसरणावर एक धडा केला होता, दीड मिनिटाचं निवेदन आणि त्यावर चित्रं. माझ्या मशीनवर ओठ आणि आवाज अगदी बरोबर जुळलेले. ज्यांच्यासाठी केलं त्यांच्या जुन्या मशीनवर लावलं, तर निवेदन संपलं तेव्हा पडद्यावर रक्त अजून फुप्फुसातच. निवेदनाचा सिंक "इव्हेंट" ठेवला होता मी. इव्हेंटमध्ये आवाज एकदा सुटला की आपल्या वेगाने धावतो, चित्रं मागे राहिली तरी त्याला पर्वा नसते. "स्ट्रीम" केलं की उलटं होतं: आवाज मालक होतो आणि चित्राला त्याच्या मागे धावावं लागतं, फ्रेम गाळून का होईना. एका ड्रॉपडाउनमधला एक शब्द बदलला आणि धडा जुळला. त्या दिवसापासून घड्याळाबद्दल विचारायची सवय लागली.

देवनागरीचं दुखणं वेगळंच होतं. जोडाक्षरं सुटायची, ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसायची. म्हणून आम्ही जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये मजकूर टाइप करायचो आणि दोनदा ब्रेक अपार्ट करून त्याची चित्रं करून टाकायचो. मग एक ऱ्हस्व-दीर्घ सुधारायचं म्हणजे आख्खी ओळ नव्याने. २००८ च्या प्लेअर १० मधल्या नव्या टेक्स्ट इंजिनाने भारतीय लिप्या धड दाखवायला सुरुवात केली, तोवर पाखरू उडायच्या बेतात होतं.

मग गेलं का? लोक ॲपलच्या स्टीव्ह जॉब्झने २०१० साली फ्लॅशविरुद्ध लिहिलेल्या पत्राकडे बोट दाखवतात. ते पत्र महत्त्वाचं होतंच, पण आयफोन २००७ पासूनच फ्लॅशविना विकला जात होता आणि लोक तो आनंदाने घेत होते. खरी कारणं तीन-चार होती आणि ती एकमेकांत गुंतलेली होती. फ्लॅशचा सगळा संसार माउसवर उभा होता: वर नेलं की उजळणारी बटणं, माउसमागे धावणारे डोळे. बोटाला "वर नेणं" हा प्रकारच नाही. मोबाइलची बॅटरी आणि प्रोसेसर त्या प्लेअरला पुरत नव्हते. प्लगइनमध्ये सुरक्षेची भोकं सतत सापडत होती, आणि एकाच कंपनीच्या दुरुस्तीची वाट सगळ्या जगाला बघावी लागत होती. आणि आतला मजकूर सर्च इंजिनाला, पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरला, ब्राउझरच्या मागे जायच्या बटणाला जवळजवळ परका होता. "स्किप इंट्रो" हे बटण जगात सर्वांत जास्त दाबलं गेलेलं असावं असा माझा अंदाज आहे. आमच्याच कामाला लोकांनी दिलेला तो कौल होता.

नोव्हेंबर २०११ मध्ये ॲडोबीने मोबाइलवरचं फ्लॅश सोडलं. सप्टेंबर २०१५ मध्ये क्रोमने पानाच्या कडेच्या फ्लॅश जाहिराती आपोआप थांबवायला सुरुवात केली आणि बॅनर करणाऱ्या आमच्यासारख्यांचं काम एका हंगामात एचटीएमएलकडे वळलं. २०१७ मध्ये शेवटाची घोषणा झाली, ३१ डिसेंबर २०२० ला आधार संपला, आणि १२ जानेवारी २०२१ पासून प्लेअरने स्वतःहून चालायला नकार दिला.

इथे एक गैरसमज दूर करतो. मेला तो प्लेअर. चित्र काढायचं सॉफ्टवेअर २०१६ मध्ये ॲनिमेट असं नाव घेऊन पुढे गेलं, ते कॅनव्हाससाठी एक्स्पोर्ट करायला लागलं, आणि हाताने काढलेल्या टूडी मालिकांसाठी ते वापरलं जात राहिलं.

फ्लॅशला पर्याय आधीपासून होते, पण घड्याळ नीट कोणालाच सांभाळता येत नव्हतं. १९९७ च्या नेटस्केप ४ आणि इंटरनेट एक्सप्लोरर ४ मध्ये डीएचटीएमएल (स्क्रिप्टने पानावरच्या गोष्टी हलवायची सोय) आलं, दोघांची पद्धत वेगळी, म्हणून प्रत्येक हालचाल दोनदा लिहायची. एसव्हीजी हा रेषांनी चित्र लिहायचा फॉरमॅट २००१ मध्ये मानक झाला, त्यात ॲनिमेशनही होतं, पण इंटरनेट एक्सप्लोररने एसव्हीजीच नवव्या आवृत्तीपर्यंत, म्हणजे २०११ पर्यंत, घेतलंच नाही. दहा वर्षं एक चांगली गोष्ट फडताळात पडून राहिली. मायक्रोसॉफ्टचं सिल्व्हरलाइट हे प्लगइन २००७ मध्ये आलं आणि फ्लॅशच्याच वाटेने गेलं.

बदल खरा झाला तो ब्राउझरने घड्याळ स्वतःकडे घेतलं तेव्हा. ॲपलने २००४ मध्ये कॅनव्हास आणला, ती नुसती पाटी होती: रंगव, पूस, पुन्हा रंगव. कधी रंगवायचं हे सेटइंटरव्हल या जावास्क्रिप्टमधल्या टायमरच्या भरवशावर. पडद्याचा ताल वेगळा, टायमरचा वेगळा, त्यामुळे हालचाल अडखळायची, आणि टॅब मागे गेला तरी बिचारा टायमर राबत राहायचा. २०१० च्या सुमाराला रिक्वेस्टॲनिमेशनफ्रेम आलं. त्यात आपण ब्राउझरला म्हणतो, "तू पडदा रंगवायला निघालास की मला हाक मार." साठ हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला साठदा रंगणाऱ्या पडद्यावर दर १६.७ मिलिसेकंदांनी हाक येते.

नवे लोक इथे हमखास एक चूक करतात, म्हणून जवळून बघू. हाक आली की चेंडू ४ पिक्सेल पुढे सरकवायचा असं लिहिलं. साठ हर्ट्झवर चेंडू सेकंदाला २४० पिक्सेल जातो. तुमच्या डोळ्याला छान वाटतं, काम पाठवून देता. समोरच्याचा फोन १२० हर्ट्झचा. तिथे तोच चेंडू ४८० पिक्सेल जातो आणि "फारच घाईत आहे" असा निरोप येतो. उपाय सोपा आहे. हाकेसोबत जी वेळ मिळते ती वापरा: मागच्या हाकेपासून किती मिलिसेकंद गेले ते काढा आणि वेगाला त्याने गुणा. फ्लॅशमध्ये आम्ही फ्रेम मोजायचो, आता वेळ मोजायची. हा फरक ज्याच्या अंगवळणी पडला त्याचं निम्मं शिक्षण झालं.

सीएसएस म्हणजे पानाचं रूप ठरवणारी भाषा, तिच्या ॲनिमेशनमध्ये घड्याळ आणखी आत गेलं. आपण फक्त कीफ्रेम (हालचालीतले मुख्य टप्पे) आणि कालावधी सांगतो, बाकी ब्राउझर बघतो. पण काय हलवता यावर सगळं अवलंबून आहे. तीच पेटी "लेफ्ट" बदलून सरकवली तर ब्राउझरला दर फ्रेमला मांडणीचा हिशोब पुन्हा करावा लागतो, मग रंगकाम. "ट्रान्सफॉर्म" किंवा "ओपॅसिटी" बदलली तर पेटीचं तयार चित्र नुसतं हलवलं जातं, तेही बहुधा वेगळ्या थ्रेडवर, म्हणजे ब्राउझरच्या कामाच्या वेगळ्या रांगेत. मुख्य थ्रेडवर जावास्क्रिप्ट दोनशे मिलिसेकंद अडकून पडली तरी पेटी सरकत राहते. दोन्ही करून बघा आणि मध्ये मुद्दाम एक जड लूप चालवा. पहिली थबकेल, दुसरीला पत्ताही लागणार नाही.

या सगळ्यात गेलं काय, तर टाइमलाइन. ब्राउझर समर्थ झाला, पण चित्रकाराच्या हातात कोड आला. मधली पाच-सहा वर्षं ही फट बुजवण्यात गेली. गूगलचं स्विफी एसडब्ल्यूएफचं एचटीएमएल करून द्यायचं, ते २०१६ मध्ये बंद झालं. ॲडोबीचं एज ॲनिमेट २०१२ मध्ये आलं आणि २०१५ मध्ये त्याचं काम थांबलं. एज मी मनापासून शिकलो होतो, ते दिवस वाया गेले असं अजूनही वाटतं. टिकलं ते वेगळंच: ॲक्शनस्क्रिप्टच्या काळातली ग्रीनसॉकची ट्वीन (दोन टप्प्यांमधली हालचाल भरून काढणारी) लायब्ररी जावास्क्रिप्टमध्ये आली आणि आजही मोठमोठ्या साइट्सचा भार उचलते. कारण तिने टाइमलाइन कोडमध्ये आणली, आणि ती फिरवता, उलटी चालवता, मध्येच थांबवता येते.

मग आफ्टर इफेक्ट्स या ॲडोबीच्या ॲनिमेशन सॉफ्टवेअरला जोडायचं बॉडीमूव्हिन नावाचं एक एक्स्टेन्शन आलं. ते ॲनिमेशनची जेसन (साध्या मजकुराची) फाइल काढून द्यायचं. २०१७ मध्ये एअरबीएनबीने ती फाइल फोनवर चालवणारं लॉटी खुलं केलं. सावल्यांच्या चित्रपटांची आद्य कलाकार लॉटे रायनिगर हिच्यावरून ते नाव. चेंडूची गोष्ट आठवा: आकार एकदा, हालचालीच्या कीफ्रेम वेगळ्या. लॉटीत तेच आहे. फरक एवढाच की एसडब्ल्यूएफमध्ये प्रत्येक फ्रेमची जागा आधीच काढून ठेवलेली असायची, लॉटीत मधल्या जागा चालवताना काढल्या जातात, म्हणून पडदा कितीही हर्ट्झचा असो, हालचाल मऊ राहते. सावध राहायचं ते चित्रकाराच्या सवयींपासून. आफ्टर इफेक्ट्समध्ये केलेला प्रत्येक इफेक्ट पलीकडे उमटेलच असं नाही, आणि कोणी पीएनजी टाकून दिलेली असली तर ती मजकूर होऊन फाइलीत बसते. "व्हेक्टर आहे", म्हणजे नुसत्या रेषा आहेत, म्हणून आलेली दोन एमबीची लॉटी मी उघडली की आत हमखास एक फोटो सापडतो.

राइव्ह आणखी एक पाऊल पुढे, किंवा खरं तर मागे, फ्लॅशकडे. त्यात टाइमलाइनच्या वर स्टेट मशीन असतं: बटण शांत, बोट टेकलं, काम चालू, झालं. कोणत्या अवस्थेतून कोणत्या अवस्थेत जायचं ते चित्रकारच जोडतो. फ्लॅशच्या बटणाच्या चार फ्रेम आठवतात मला ते बघून. आणि २०२३ पासून क्रोममध्ये सीएसएसचं ॲनिमेशन स्क्रोलला बांधता येतं. तिथे घड्याळ सरळ बघणाऱ्याच्या बोटात: त्याने थांबवलं की थांबलं, वर नेलं की उलटं.

त्रिमितीबद्दल थोडक्यात. ब्राउझरमध्ये त्रिमिती चित्रं काढणारं वेबजीएल २०११ मध्ये आलं, थ्रीजेएस या लायब्ररीने ते सुसह्य केलं, आता वेबजीपीयूही आलंय. ती वेगळी वाट आहे, पहिल्या वर्षात तिकडे जाऊ नका.

सुरुवात अशी करा. तोच टप्पे खाणारा चेंडू तीनदा करा: एकदा सीएसएसने, एकदा कॅनव्हासवर वेळ मोजून, एकदा लॉटी किंवा राइव्हमध्ये. प्रत्येक वेळी चेंडू वर असताना रेंगाळला पाहिजे आणि जमिनीवर क्षणभर दबला पाहिजे. ते जमत नसेल तर सॉफ्टवेअर बदलून उपयोग नाही, कागदावर दहा फ्रेम काढा. मग तिन्ही तुमच्या ओळखीतल्या सर्वांत जुन्या फोनवर चालवा, आणि फोनच्या सेटिंगमध्ये "हालचाल कमी करा" चालू करून पुन्हा. त्या सेटिंगला तुमचा चेंडू निमूट थांबला पाहिजे, काही लोकांना पडद्यावरच्या हालचालीने खरोखर घेरी येते. लखलखाट करणार असाल तर सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा नको, वेब सुगमतेच्या नियमांत ही मर्यादा स्पष्ट दिली आहे.

आणि जुनं बघायची हौस असेल तर रफल नावाचा एम्युलेटर (जुन्या प्लेअरची नक्कल करणारा प्रोग्राम) आहे, रस्ट भाषेत लिहिलेला, तो ब्राउझरमध्ये जुन्या एसडब्ल्यूएफ चालवतो. इंटरनेट आर्काइव्हने नोव्हेंबर २०२० पासून त्याच्या आधाराने पुष्कळ जुनी ॲनिमेशनं बघायला ठेवली आहेत. मी माझा तो रक्ताभिसरणाचा धडा त्यात लावून बघितला. चित्रं व्यवस्थित आली, निवेदन जुळलं, लोडिंगचा पट्टा मात्र दिसायच्या आत संपला. तो करायला मला तीन दिवस लागले होते.